बक्षीस मार्चमध्ये वाटता, केळीची कटाई मे महिन्यात असते

प्रति,
जळगाव, धुळे, नंदुरबार जिल्ह्यांतल्या इंजिनिअरिंग कॉलेजांचे प्राचार्य, संस्थाचालक, आणि प्रोजेक्ट कॉम्पिटिशन, हॅकेथॉन, स्टार्टअप स्पर्धा भरवणारे सगळे सर आणि मॅडम,

सप्रेम नमस्कार.

मी जळगावच्या एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप चालवतो. डिप्लोमा केलाय, डिग्रीला जाता आलं नाही, घरची परिस्थिती तेव्हा तशी होती. पण गेली सोळा-सतरा वर्षं दर जानेवारी लागला की तुमची पोरं-पोरी माझ्या दारात येतात, कुणाच्या हातात पेन्सिलनं काढलेलं ड्रॉईंग, कुणाच्या मोबाईलमध्ये थ्रीडी मॉडेल, आणि सगळ्यांचं एकच म्हणणं, काका एवढं बनवून द्या ना, वीस तारखेला कॉम्पिटिशन आहे. मी मटेरियलचे पैसे घेतो, मजुरी ज्याची जशी ऐपत तशी घेतो, कधी घेतच नाही, कारण ती पोरं रात्री दहापर्यंत माझ्याकडे ग्राइंडर मारत बसतात तेव्हा मला माझे दिवस आठवतात. दोन वर्षांपूर्वी एका कॉलेजनं मला परीक्षक म्हणून पण बोलावलं होतं. म्हणजे मशीन बनताना पण मी बघितलंय आणि त्याला मार्क मिळताना पण बघितलंय, म्हणून वाटलं की आता लिहिलंच पाहिजे.

माझं एकच मागणं आहे. स्पर्धेचा शेवटचा निकाल हॉलमध्ये लावू नका. जिथे ती वस्तू वापरायची आहे तिथे लावा, शेतात, डाळ मिलमध्ये, मिरची वाळवायच्या पथारीवर, आणि त्यासाठी एक हंगाम थांबा. असं का म्हणतो ते सांगतो.

तीन वर्षांपूर्वी चार जणांची एक टीम माझ्याकडे आली, तीन पोरं आणि यावल तालुक्यातली एक पोरगी. आयडिया तिचीच होती. तिच्या काकांची केळीची बाग आहे, आणि लहानपणापासून ती बघत आली की घड कापला की मजूर तो खांद्यावर घेतो आणि बागेतून वाकत वाकत बांधापर्यंत, तिथून गाडीपर्यंत नेतो, एकेक घड वीस-पंचवीस किलोचा, दिवसभर हेच. खांद्याची साल निघते आणि घड कुठे घासला की दुसऱ्या दिवशी काळा डाग, व्यापारी तेवढा माल बाजूला काढतो. जळगावच्या केळीला २०१६ साली जीआय, म्हणजे त्या भागाच्या नावाचा सरकारी टॅग, मिळाला, केळी परदेशात जाऊन राहिली, आणि बागेतून रस्त्यापर्यंत मात्र ती अजून माणसाच्या खांद्यावरच येते. तिनं ठरवलं की घड लटकवून नेणारी गाडी करायची. मला ऐकताच पटलं, कारण ही इंटरनेटवर शोधून काढलेली आयडिया नव्हती, तिनं ती घरात डोळ्यांनी बघितली होती.

गाडी आम्ही केली. एक इंची चौरस पाईपची फ्रेम, सहा हूक, हुकांच्या मागे फोम, खाली चार कॅस्टर, म्हणजे ट्रॉलीला असतात तशी छोटी फिरती चाकं. मी म्हटलं एकदा बागेत नेऊन बघू, तर म्हणे काका वेळच नाही, गुरुवारी प्रेझेंटेशन आहे आणि रिपोर्टचं बाईंडिंग अजून बाकी आहे. नेली तशीच कॉलेजात. हॉलच्या फरशीवर ती गाडी एका बोटानं ढकलली तरी पळत होती. परीक्षकांनी टाळ्या वाजवल्या, पहिला नंबर आला, अकरा हजाराचा तो मोठा थर्माकोलचा चेक, फोटो, पेपरात बातमी. मार्च महिना होता.

मे महिन्यात पोरीच्या काकांच्या मृगबागेची, म्हणजे आदल्या पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेल्या केळीची, कटाई निघाली. पोरीनं विभागप्रमुखांना विनंती करून दोन दिवसांसाठी गाडी बाहेर काढली आणि मला पण बोलावलं. सकाळी सहाला आम्ही बागेत. आदल्या रात्री ठिबक चालू होतं, जमीन काळी, ओली. पहिला घड लटकवला आणि चारही कॅस्टर चाकं गाऱ्यात बुडाली. ओढून काढली तर पुढच्या चाकात ठिबकची नळी गुंडाळली गेली. तीन फुटांवर गाडी अडकली, कारण कागदावर दोन ओळींत अंतर पाच फूट असतं पण प्रत्यक्षात झाडं झुकलेली असतात, घडाच्या वजनानं पडू नयेत म्हणून त्यांना पट्ट्या बांधलेल्या असतात, बुडाशी पिलं, म्हणजे नवे कोंब, आलेली असतात, माणूस तिरपा होऊन जातो तिथून. आमची गाडी बत्तीस इंच रुंद. चारही पोरांचे चेहरे उतरले. पहिला नंबर आलेली गाडी ना.

काका बांधावर बसून बघत होते. ते उठले, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि पुतणीला म्हणाले, "पोरी, हे गाडं फरशीवर चांगलं हाये, गाऱ्यात नाही चालनार. मले एकच चाक दे, पन मोठं दे."

बस. त्या एका वाक्यात जे होतं ते आमच्यापैकी कुणालाच चार महिन्यांत सुचलं नव्हतं. आम्ही गाडी छोट्या हत्तीत टाकून परत आणली, फ्रेम मधून कापली, रुंदी वीस इंचांवर आणली, बाईकचं सतरा इंची जुनं रिम आणि टायर भंगारवाल्याकडून आणून मधोमध एकच चाक बसवलं, पाठीमागे दोन मुठी, हूक सहाचे चार केले आणि वजन चाकाच्या बरोबर वर येईल असे लावले, चाकाच्या पुढे पत्र्याचा एक छोटा नांगरासारखा गार्ड वेल्डिंगचा टॅक मारून जोडला म्हणजे नळी बाजूला सरकेल. तीन दिवस लागले, पोरं वर्कशॉपमध्येच झोपली, पोरगी रोज सकाळच्या पहिल्या एसटीनं यायची. चौथ्या दिवशी परत बागेत. चार घड एका फेरीत बांधापर्यंत, एकालाही ओरखडा नाही. कटाईच्या टोळीचा मुकादम साक्री तालुक्याकडचा होता, त्यानं दोन फेऱ्या स्वतः मारल्या, मुठी धरून गाडी वाकवून बघितली, आणि मग विचारलं, "हाई गाडी कितलाले पडी भो?"

सर, या एका प्रश्नासाठी हे सगळं करायचं असतं. केवढ्याला देणार. कुणी तरी खिशात हात घालायला तयार झालं, आणि तो कुणाचा नातेवाईक नव्हता, परीक्षक नव्हता, त्याला त्या गाडीचं नाव सुद्धा माहीत नव्हतं. पोरांचे चेहरे तेव्हा कसे होते ते मला सांगता येणार नाही. मार्चमधल्या टाळ्यांना ते असे हसले नव्हते.

आणि त्यानंतर काय झालं ते पण सांगतो, कॉलेजचं नाव घेत नाही, घ्यायची गरज नाही. दोन दिवसांची परवानगी आठ दिवस झाली म्हणून पोरांना बोलणी बसली. कमिटीची व्हिजिट होती, डिस्प्लेला गाडी पाहिजे होती, परत मागवली. व्हिजिट झाली, गाडी कॉलेजच्या वर्कशॉपच्या मागच्या शेडमध्ये गेली. पोरांनी अर्ज केला, उत्तर मिळालं की सबमिट झालेला प्रोजेक्ट ही विभागाची मालमत्ता आहे. दरम्यान शेवटच्या सेमिस्टरचा निकाल लागला, एक जण हिंजवडीला गेला, एक एमपीएससीच्या मागे लागला, एक बापाच्या कृषी केंद्रावर बसला, पोरगी पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगला. मागच्या उन्हाळ्यात मी काही कामानं त्या कॉलेजात गेलो होतो तर गाडी बघून आलो. टायर कुणी तरी काढून नेलाय. मुठींना गंज चढलाय. फोम उंदरांनी कुरतडलाय. मुकादमाचे मला तीन फोन आले, की तुम्हीच बनवून द्या ना. मी बनवू शकतो, माझ्यासाठी चार दिवसांचं काम आहे, पण आयडिया त्या पोरीची आहे, तिचं नाव-भाग काही लिहून ठेवलेलं नसताना मी ती विकायला लागलो तर मला रात्री झोप येणार नाही. पोरगी अजून फोन करते. पहिला प्रश्न तोच, काका, मुकादमांचा परत फोन आला होता का.

आता तुम्ही म्हणाल एका गाडीवरून सगळ्या स्पर्धांना नावं ठेवू नका. नावं ठेवत नाहीये. स्पर्धा भरवता म्हणूनच ती पोरगी माझ्यापर्यंत आली, नाहीतर आयडिया तिच्या डोक्यातच राहिली असती. स्पर्धेनं तारीख मिळते, तारीख असली की काम होतं, हे मी धंद्यात रोज बघतो. स्मार्ट इंडिया हॅकेथॉन २०१७ पासून चालू आहे, सहा जणांची टीम, त्यात किमान एक मुलगी असलीच पाहिजे हा नियम, आणि त्या नियमामुळे आपल्याकडच्या किती पोरी पहिल्यांदा जिल्ह्याबाहेर जाऊन छत्तीस-छत्तीस तास काम करून आल्या. चांगलंच आहे ते. पण तिथे प्रश्न मंत्रालयं आणि मोठ्या कंपन्या देतात. आपल्या तिन्ही जिल्ह्यांतले प्रश्न कोण देणार, ते आपणच द्यायला पाहिजेत ना.

आणि आपल्याकडे प्रश्नांना काय तोटा आहे का. नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर जाऊन बघा, मैलभर लाल मिरची उघड्यावर पसरलेली, बायका तोंडाला फडकं बांधून दिवसभर ती वर-खाली करतात, तरी ठसका लागतोच, आणि अवकाळीचा एक शिडकावा आला की धावपळ, जेवढं झाकलं तेवढं वाचलं. तिथे अर्ध्या तासात पथारी झाकणारं काही स्वस्तातलं कुणी केलं तर व्यापारी स्वतः पैसे देतील. जळगावच्या डाळ मिलमध्ये धुळीचा प्रश्न आहे. जिनिंगमध्ये आगीचा. केळी कापल्यावर जे खोड राहतं ते बागेतून काढायला शेतकरी वरून मजुरी देतो. हिवाळ्यात भरीत पार्टी म्हटलं की शंभर-दोनशे वांगी काड्यांवर भाजायची आणि लाकडी बडगीत ठेचायची, आता आचाऱ्यांची पोरं ते काम करायला तयार नाहीत, तिथे एक साधी भट्टी कुणी बनवली तर हॉटेलवाले रांग लावतील. हे सगळं तुमच्या कॉलेजच्या गेटपासून तासा-दोन तासांच्या अंतरावर आहे. आणि दरवर्षी स्पर्धेत मी बघतो काय तर ओलाव्याचा सेन्सर लावून पंप चालू-बंद करणारं स्मार्ट इरिगेशन, दरवर्षी, प्रत्येक कॉलेजात चार-पाच टीम. शेतकऱ्याकडे मोबाईलवरचा स्टार्टर कधीचा आलाय. त्याचं दुखणं वेगळंच आहे, थ्री फेज वीज रात्रीची येते आणि अंधारात नाल्यातून बिबट्याच्या भीतीनं पंपावर जावं लागतं, आणि ते त्याला कुणी विचारलेलंच नाही. काही प्रोजेक्ट तर सरळ विकत आणलेले असतात, सगळ्यांना माहीत असतं, परीक्षकांना पण.

ऊन ही पण एक गोष्ट. एका टीमनं कपाशीच्या शेतासाठी छान डबा केला होता, सेन्सर, बोर्ड, डिस्प्ले, सगळं काळ्या प्लास्टिकच्या डब्यात, लॅबमध्ये एसीत टेस्ट केलेलं. त्यांना मी म्हटलं माझ्या वर्कशॉपच्या पत्र्यावर दुपारी बारा ते चार ठेवून बघा. मे महिन्यातला जळगाव-भुसावळचा पारा तुम्हाला सांगायला नको, पंचेचाळीसच्या पुढे. दीड वाजता डिस्प्ले काळा पडला, दोनला बोर्ड हँग. पोरं रडकुंडीला आली. मग आम्ही पांढरा रंग मारला, वर दुसरा पत्रा दोन इंच अंतर सोडून लावला म्हणजे मधून हवा खेळेल, खालून फटी पाडल्या, आणि तोच बोर्ड दिवसभर चालला. एक ब्रश, अर्धा लिटर रंग आणि पत्र्याचा तुकडा. स्पर्धेत हे कळलं असतं का? मार्चमध्ये, पंख्याखाली?

आता नियमांचं बोलू, कारण मी काही विचारलं की लगेच म्हणतात नियमात बसत नाही. मी नियम वाचलेत, भाच्याकडून डाऊनलोड करून घेऊन. २०१९ साली केंद्रानं विद्यार्थी आणि प्राध्यापकांसाठी नॅशनल इनोव्हेशन अँड स्टार्टअप पॉलिसी काढली. त्यात स्पष्ट आहे की कॉलेजनं आपल्या वार्षिक बजेटच्या किमान एक टक्का रक्कम इनोव्हेशन आणि स्टार्टअपसाठी ठेवावी. विद्यार्थ्याला मिनी प्रोजेक्ट, मेजर प्रोजेक्ट, सेमिनार किंवा उन्हाळी ट्रेनिंगच्या जागी स्वतःचं स्टार्टअप दाखवता यावं. परवानगी घेऊन हजेरी कमी पडली तरी परीक्षेला बसू द्यावं. कॉलेजच्या सुविधा वापरून स्टार्टअप उभं राहिलं तर कॉलेजला त्यात दोन ते साडेनऊ टक्क्यांपर्यंत हिस्सा घेता येतो, हे पण आहे. म्हणजे बघा, सगळं मशीन शेडमध्ये कुलूप लावून ठेवण्यापेक्षा त्यातला पाच टक्के हिस्सा कॉलेजच्या नावावर आणि गाडी बागेत, यात कॉलेजचाच फायदा आहे. तुमच्यापैकी किती कॉलेजांनी हा एक टक्का वेगळा ठेवलाय ते एकदा नोटीस बोर्डवर लावा ना, पोरांना कळू द्या की मागायचं कुणाकडे.

बक्षिसाचं म्हणाल तर राज्य सरकारचंच एक उदाहरण माझ्या मनाला फार पटलंय. महाराष्ट्र स्टार्टअप वीक म्हणून जे घेतात त्यात निवडलेल्या चोवीस स्टार्टअपना सरकारी खात्यांची पंधरा लाखांपर्यंतची वर्क ऑर्डर द्यायची पद्धत त्यांनी सुरू केली. स्टेजवरच्या चेकऐवजी काम. जा, या खात्यात तुझी वस्तू चालवून दाखव. आपण जिल्ह्याच्या पातळीवर एवढे पैसे देऊ शकत नाही हे मला कळतं. पण रावेरच्या, यावलच्या बाजार समितीनं, एखाद्या डाळ मिलवाल्यानं, फ्रूट सेल सोसायटीनं वीस हजाराची, पन्नास हजाराची ऑर्डर द्यायला काय हरकत आहे? दोन नग बनवून दे, एक हंगाम वापरतो, टिकलं तर पुढचे दहा तुझ्याकडूनच. असं पत्र पोराच्या हातात पडलं तर त्याचा बाप सुद्धा म्हणेल की थांब वर्षभर, नोकरी नंतर बघू. बापाला पटणं ही आपल्याकडे फार मोठी गोष्ट आहे, शहरातल्या लोकांना ती कळत नाही. एज्युकेशन लोन डोक्यावर असतं, बहिणीचं लग्न असतं, आणि ट्रॉफी दाखवून घरचे थांबत नाहीत, ऑर्डर दाखवली तर थांबतात.

आणि हे आपल्या मातीत होत नाही असं कुणी म्हणू नये. १९४५ साली अमळनेरला वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स, तीच आजची विप्रो. तिची मुळं शेंगदाण्याच्या तेलात आहेत, कॉम्प्युटर कितीतरी नंतर आले. भवरलाल जैनांनी १९६३ साली सात हजार रुपयांवर रॉकेल विकून सुरुवात केली, आणि १९७८ मध्ये केळीची पावडर करणारा एक जुना कारखाना घेऊन त्यात फेरफार करून पपईच्या चिकापासून पपेन नावाचं एन्झाइम काढायला लागले, पाईप आणि ठिबक त्याच्या पुढचं. मी जेव्हा जेव्हा हे पोरांना सांगतो तेव्हा केळी पावडरच्या कारखान्यावर जास्त वेळ थांबतो. एका कामासाठी बनवलेलं यंत्र चाललं नाही, मग तेच यंत्र दुसऱ्या कामाला लावलं. म्हणजे पहिला प्रयत्न फसणं हे त्या धंद्याच्या आतलंच काम आहे. तुमच्या मार्कांच्या तक्त्यात फसून परत केलेल्या कामाला एक तरी कॉलम आहे का? मी परीक्षक होतो तेव्हा मला जो कागद दिला त्यात नावीन्य, प्रेझेंटेशन, टीमवर्क, पोस्टर असं होतं. बागेत नेलं होतं का, कोण काय म्हणालं, त्यानंतर काय बदललं, हे विचारायला जागाच नव्हती. मी मागच्या बाजूला लिहून दिलं. ते धरलं की नाही मला माहीत नाही.

म्हणून मी म्हणतो, स्पर्धा ऑगस्टमध्ये सुरू करा. पहिल्या फेरीत फक्त प्रश्न आणि तो प्रश्न ज्याचा आहे त्या माणसाचं नाव-गाव, मशीन नको, पीपीटी नको. दिवाळीपर्यंत कच्चं मॉडेल, मग ते त्या माणसाकडे नेऊन वापरायचं, त्याचा मोबाईलवर व्हिडिओ, त्याची बोली जशी आहे तशी, अहिराणी असेल, लेवा असेल, पावरी असेल. मार्चमध्ये अर्धं बक्षीस द्या, तुमची गॅदरिंग आणि पाहुणे जमून येतात ते मला समजतं. उरलेलं अर्धं हंगाम संपल्यावर, वस्तू चालली तर. परीक्षकांत एक शेतकरी किंवा मुकादम किंवा मिलचा फोरमन पाहिजेच, आणि त्याचे मार्क प्राध्यापकांच्या बरोबरीचे पाहिजेत, नुसता सत्काराला बोलावून नारळ देऊन बसवू नका. आपल्याकडची बरीच कॉलेजं लोणेरेच्या विद्यापीठाला जोडलेली आहेत, परीक्षांचं वेळापत्रक तिकडून येतं, ते तुमच्या हातात नाही हे मान्य, पण स्पर्धेचं वेळापत्रक तर तुमच्याच हातात आहे.

पेटंटचं एक अगदी कळकळीनं सांगतो. स्पर्धा झाली की त्याच रात्री पोस्टर, व्हिडिओ, मशीनची आतली रचना सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर आणि इन्स्टावर जातं. एकदा जगासमोर उघड झालेली गोष्ट नंतर नवीन म्हणून पेटंटला दाखवणं अवघड होऊन बसतं. पेटंटचा प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज ऑनलाईन भरायला व्यक्तीच्या नावावर सोळाशे रुपये फी आहे, आणि मग बारा महिने मिळतात पूर्ण स्पेसिफिकेशन, म्हणजे सगळा तपशील, द्यायला. सोळाशे! त्या थर्माकोलच्या चेकला आणि शाल-श्रीफळाला याच्यापेक्षा जास्त लागत असतील. पहिल्या पाच टीमचे अर्ज प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी कॉलेजनं भरून द्यावेत, पोरांच्या नावावर. आणि सोबत एका साध्या कागदावर लिहून द्यावं की हे मशीन कुणाचं, ते केव्हा परत मिळणार, विकलं तर कॉलेजचा वाटा किती. सीड फंडाच्या योजना असतात, २०२१ मध्ये केंद्रानं एक आणली होती, तीत इन्क्युबेटर, म्हणजे स्टार्टअपना आधार देणाऱ्या संस्थेमार्फत प्रोटोटाईपला वीस लाखांपर्यंत ग्रँट होती, पण त्याला कंपनी रजिस्टर लागायची, केंद्राच्या डीपीआयआयटी खात्याची मान्यता लागायची, आणि ज्या पोराकडे स्वतःच्या मशीनचा ताबाच नाही तो तिथे जाऊन काय दाखवणार.

लॅब किती वाजता बंद होते याचा पण विचार करा. साडेपाचला कुलूप. पोरं कुठून कुठून येतात, चोपडा, पारोळा, शहादा, तळोदा, आणि पोरींची तर शेवटची एसटी ठरलेली असते, ती चुकली की घरी दुसऱ्या दिवशीपासून कॉलेज बंद होण्याची भीती. माझ्याकडे आलेल्या त्या पोरीनं तीन दिवस जे केलं ते तिला काकांचा पाठिंबा होता म्हणून जमलं. स्पर्धेच्या काळात महिनाभर होस्टेलमध्ये गावच्या पोरींना जागा द्या, वॉर्डन मॅडमच्या देखरेखीत लॅब रात्री नऊपर्यंत उघडी ठेवा. याला फार पैसे लागत नाहीत.

आणि प्रत्येक कॉलेजनं वेगवेगळं मशीन शॉप थाटायची पण गरज नाही. धुळ्याकडच्या लोकांना पांझरा नदीवरची फड पद्धत माहीत आहे, बंधारा एक, पाट एक, पाटकरी सगळ्यांनी मिळून नेमलेला आणि पाणी ज्याच्या त्याच्या फडाला, म्हणजे शेतांच्या गटाला, पाळीनं, शेकडो वर्षं लोकांनी ते आपसांत चालवलं. तसंच सगळ्या कॉलेजांनी मिळून तिन्ही जिल्ह्यांत एकेक चांगलं शॉप करा, लेझर कटिंग, लेथ, थ्रीडी प्रिंटर, आणि कॉलेजांना वार वाटून द्या. आमच्या एमआयडीसीतले आम्ही सात-आठ वर्कशॉपवाले आत्ताच बोललोय, रविवारी मशीन रिकामी असतात, पोरांना द्यायला आमची तयारी आहे, भंगारातला पाईप-पत्रा आमच्याकडून फुकट. फक्त सोबत एक सर पाठवा, सेफ्टी गॉगल आणि हातमोजे कॉलेजचे.

शेवटी त्या कॉलेजला, ज्यांच्या मागच्या शेडमध्ये ती एकचाकी गाडी पडलेली आहे. तुम्हाला कळेलच कुणाबद्दल लिहितोय. राग धरू नका, मी पण धरलेला नाही. पोरीशी माझं काल बोलणं झालंय, ती कटाईच्या वेळी आठ दिवस रजा टाकून यायला तयार आहे, कृषी केंद्रवाला पोरगा पण येतोय, आणि मुकादमानं सांगितलंय की यंदा रावेरकडे टोळीची तीन बागांची कामं ठरली आहेत, तिथे दोन गाड्या घेऊन बघू. टायर मी माझ्याकडून टाकतो, मुठी बदलतो, फोम नवीन लावतो. येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता छोटा हत्ती घेऊन मी गेटवर येतो. वॉचमनकडे गेटपास तेवढा करून ठेवा, गाडी त्या चौघांच्या नावानं सोडली असं त्यावर लिहा, खाली तुमचा सही-शिक्का.

आपला,
एमआयडीसीतला एक वर्कशॉपवाला, जळगाव